अंड्यातूनच येणारी घरघर

डिसेंबरात वऱ्हाडातली रात्र गारठू लागली, की नांदगाव पेठच्या शिवारातल्या कोंबड्यांच्या शेडवर पडदे सोडले जातात. आत चार-पाच हजार पक्षी, वर पिवळे दिवे, खाली भुशाची गादी. पक्षी बसले, की जाणता शेडमालक दिवा मालवतो आणि दोन मिनिटे दाराशी नुसता उभा राहून ऐकतो. निरोगी शेडमध्ये या वेळी फारसा आवाज नसतो. ज्या शेडमध्ये अंधारातून बारीक घरघर ऐकू येते, मधूनच एखादी शिंक, मग दुसऱ्या कोपऱ्यातून तिला उत्तर दिल्यासारखी आणखी एक, तिथल्या मालकाची सकाळची पहिली फेरी औषधाच्या दुकानाकडे ठरलेली असते. 'सीआरडी लागली', एवढेच तो सांगतो. दुकानदारालाही त्याहून जास्त काही विचारावे लागत नाही.

नांदगाव पेठ हे नाव आज औद्योगिक वसाहत, कापड उद्योग, औष्णिक वीज प्रकल्प आणि महामार्गावरचा टोल नाका यांमुळे ओळखीचे आहे. पण अमरावती जिल्हा विदर्भातला कुक्कुटपालनाचा मोठा पट्टाही आहे. कोरडवाहू शेतीला जोड म्हणून शेतात शेड बांधलेल्या कुटुंबांची संख्या इथे लहान नाही. कपाशी आणि सोयाबीनने दगा दिला तरी दीड-दोन महिन्यांनी हातात पैसा येतो, ही या धंद्याची खरी ओढ. त्या पैशातला एक वाटा ही घरघर दर हिवाळ्यात खाऊन टाकते आणि त्याची कुठे नोंदही होत नाही.

बर्ड फ्लू आला की नोंद होते. फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला, तेव्हा काही लाख कोंबड्या मारल्या गेल्या आणि नंदुरबार जिल्ह्याचे नाव जगभर गेले. जानेवारी २०२१ मध्ये परभणीजवळच्या मुरुंबा गावात ८०० कोंबड्या दगावल्या, तेव्हाही पांढऱ्या पोशाखातली माणसे, खड्डे आणि चुन्याची पोती सगळ्यांनी पाहिली. सीआरडीत तसे काही होत नाही. शेड एका रात्रीत ओस पडत नाही. मरतूक वाढते, पण थोडी. पक्षी खातात, पण वजन धरत नाहीत. अंडी मिळतात, पण कमी. मोठ्या साथीची बातमी होते आणि तिच्यासाठी यंत्रणा हलते. हळूहळू झिजवणाऱ्या रोगाच्या वाट्याला यातले काहीच येत नाही.

सीआरडी म्हणजे 'क्रॉनिक रेस्पिरेटरी डिसीज', श्वसनाचा जुनाट आजार. हे नाव १९४३ मध्ये अमेरिकेत दिले गेले. त्यामागचा जंतू आहे मायकोप्लाझ्मा गॅलिसेप्टिकम. त्याचा एक भाऊबंद मायकोप्लाझ्मा सायनोव्ही श्वसनाबरोबर सांध्यांनाही धरतो. कोंबडीचा गुडघ्यासारखा दिसणारा सांधा आणि तळपाय सुजतो, ती लंगडते, खाद्याच्या भांड्यापर्यंत पोहोचत नाही. जागतिक प्राणी आरोग्य संघटनेच्या नोंदणीयोग्य रोगांच्या यादीत हे दोन्ही जंतू आहेत. हा किरकोळ सर्दी-पडशाचा प्रकार नाही.

या जंतूची घडण समजून घेतली, तर पुढच्या बहुतेक गोष्टी आपोआप उलगडतात. बाकीच्या जिवाणूंभोवती असते तशी पेशीभित्तिका मायकोप्लाझ्माला नसते. नुसत्या पातळ पटलात गुंडाळलेला हा जीव आकाराने इतका लहान, की साध्या सूक्ष्मदर्शकाखाली जेमतेम दिसतो. अंगी लागणाऱ्या कितीतरी वस्तू त्याला स्वतः बनवता येत नाहीत. अगदी कोलेस्टेरॉलसुद्धा तो यजमानाकडून उसने घेतो. प्रयोगशाळेत तो वाढवायचा तर दिवसच काय, कधी आठवडे लागतात, आणि मग थाळीवर उगवणारी त्याची वसाहत दिसते हुबेहूब तळलेल्या अंड्यासारखी: मध्ये बलक, भोवती पांढरे. निसर्गाच्या विनोदबुद्धीबद्दल शंका घेऊ नये ती अशा वेळी.

भित्तिकाच नसल्यामुळे पेनिसिलिन आणि त्याच्या गोतावळ्यातली औषधे इथे बिनकामाची ठरतात, कारण ती औषधे जिवाणूची भिंत बांधण्याचे काम बंद पाडतात. ज्याला भिंतच नाही त्याचे काय पाडणार? तरीही ॲमॉक्सिसिलिनची पुडी सीआरडीसाठी शेडमधल्या पाण्यात मिसळली जाते. पक्षी थोडे सुधारल्यासारखे वाटले, तर ते सोबत शिरलेल्या दुसऱ्या जिवाणूंमुळे. मूळ जंतू घशात तसाच असतो.

एकट्याने मायकोप्लाझ्मा फार मोठे नुकसान करत नाही, हेही खरे आहे. तो वाट तयार करून देतो. श्वासनलिकेच्या आतल्या बाजूला बारीक केसांसारखे तंतू असतात. धूळ आणि जंतू बाहेर ढकलणारा तो झाडूच. मायकोप्लाझ्मा नेमका तिथे चिकटतो आणि झाडू बंद पडतो. मग भुशातल्या धुळीबरोबर ई. कोलाय आत उतरतो. कोंबडीला फुप्फुसांखेरीज अंगभर पसरलेल्या हवेच्या पिशव्या असतात. त्या पिशव्या एरवी काचेसारख्या स्वच्छ असतात, पण आता पिवळट, फेसाळ होतात. मेलेला पक्षी चिरला तर काळीज आणि यकृतावर दह्याच्या सायीसारखा थर दिसतो. शेडवरचे तरुण पोरगेही हे चित्र पाहून रोग ओळखते. त्यात मानमोडीची म्हणजे रानीखेतची जिवंत लस याच सुमारास दिली असेल, तर एरवी दोन-तीन दिवसांत सरणारी लसीची किरकिर लांबते आणि खापर लसीवर फुटते.

हिवाळ्यात हे सगळे जास्त का होते, याचे उत्तर पडद्यात आहे. वऱ्हाडात दिवसा ऊन आणि रात्री गारवा, यांत फरक मोठा. थंडी लागू नये म्हणून पडदे वरपर्यंत गच्च बंद केले जातात. आत ओलसर गादीतून अमोनिया उठतो. सकाळी दार उघडल्यावर माणसाच्या डोळ्यांना झोंबत असेल, तर जमिनीपासून वीतभर उंचीवर रात्रभर श्वास घेणाऱ्या पिल्लाचे काय झाले असेल, याचा हिशेब फार अवघड नाही. तो अमोनियासुद्धा श्वासनलिकेतला तोच झाडू निकामी करतो. पडद्याचा वरचा फूटभर भाग उघडा ठेवणे, गादी रोज खालीवर करणे, ओली जागा काढून कोरडा भुसा टाकणे आणि गळके ड्रिंकर दुरुस्त करणे, या चार कामांनी जेवढा आजार टळतो तेवढा कोणत्याही बाटलीने टळत नाही. पशुवैद्यक हे वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. पण रात्री दोनला उठून पडदा वर करण्यापेक्षा पाण्यात पुडी टाकणे सोपे, हेही माणसाच्या स्वभावातच आहे.

मात्र सगळा दोष शेडमालकाच्या पडद्यावर टाकला की मूळ प्रश्न सुटून जातो. कारण या रोगाचा महत्त्वाचा रस्ता शेडच्या दारातून जातच नाही. तो अंड्यातून येतो.

कोंबडीच्या अंडाशयाला लागूनच हवेच्या पिशव्या असतात. आई संसर्गित असेल तर जंतू बलकापर्यंत पोहोचतो आणि पिल्लू कवच फोडून बाहेर येते तेच तो घशात घेऊन. सगळ्याच अंड्यांत तो जात नाही. पण हजार पिल्लांच्या पेट्यांत अशी मोजकी असली तरी पुरे. एकाच गादीवर, एकाच पाण्याच्या ओळीवर, शिंकेच्या तुषारांतून उरलेल्यांना ती काही आठवड्यांत भिजवून काढतात. लागण झालेला पक्षी बरा दिसू लागला तरी जंतू बाळगून राहतो. शेडमालकाने शेड धुतली, चुना मारला, महिनाभर रिकामी ठेवली आणि मग आलेल्या पहिल्याच पेटीत रोग असला, तर त्याच्या स्वच्छतेचा उपयोग किती?

बाहेरून येणारे रस्तेही आहेत, आणि त्यांतला एक माणूस स्वतः. हा जंतू पक्ष्याबाहेर फार दिवस तगत नाही. उन्हात आणि साध्या जंतुनाशकात तो लवकर मरतो. पण माणसाच्या केसांवर तो ३ दिवसांपर्यंत आणि नाकात सुमारे एक दिवस जिवंत राहू शकतो, असे प्रयोगांत दिसले आहे. माणसाला त्याने काही होत नाही. माणूस फक्त त्याला एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये नेतो. एकाच दिवशी सात शेडना भेट देणारा सुपरवायझर, लस टोचणारी टोळी, पक्षी पकडून गाडीत भरणारी मंडळी, रिकामे पिंजरे आणि अंड्यांचे ट्रे हे सगळे या वाहतुकीत आले. पायातले बूट बदलण्याची सूचना बहुतेक शेडवर असते. डोक्याला टोपी घालण्याची क्वचितच असते.

आता पैशाकडे पाहू. वऱ्हाडात ब्रॉयलरचे बरेच शेडमालक कराराने काम करतात. पिल्ले, खाद्य आणि औषध कंपनीचे. शेड, वीज, पाणी, भुसा आणि राबणारे हात शेतकऱ्याचे. बॅच निघाली की किलोमागे वाढाई मिळते, आणि ती ठरते मरतूक किती आणि एक किलो वजनाला खाद्य किती लागले यावर. समजा, पाच हजार पक्षी सरासरी दोन किलोचे झाले. म्हणजे दहा हजार किलो माल. किलोमागे खाद्य १ किलो ६०० ग्रॅमऐवजी १ किलो ७५० ग्रॅम लागले, तर एका बॅचला दीड हजार किलो, म्हणजे ५० किलोची ३० पोती खाद्य जास्त गेले. खाद्य ४० रुपये किलो धरले तर ६० हजार रुपये. त्या वजाबाकीचा मोठा भाग शेतकऱ्याच्या वाढाईतून होतो. पिल्लू आजारी आले की शेडवर आजारी पडले, हा प्रश्न हिशेबाच्या कागदावर नसतो. तसा रकानाच नाही.

अंड्याच्या कोंबड्यांत नुकसान आणखी मुके. कोंबडी धट्टीकट्टी दिसते, शिंकतही नाही, आणि वर्षभरात पंधराएक अंडी कमी देते. सायनोव्हीच्या काही प्रकारांत अंड्याच्या निमुळत्या टोकाशी कवच पातळ, काचेसारखे, खरखरीत होते. हा प्रकार नेदरलँड्समधल्या संशोधकांनी सुमारे पंधरा वर्षांपूर्वी नीट मांडला. अशी अंडी ट्रेमध्येच फुटतात. व्यापारी ती 'कच्ची अंडी' म्हणून बाजूला काढतो आणि कारण खाद्यातल्या कॅल्शियममध्ये शोधले जाते.

इथपर्यंतची गोष्ट कोंबडीवाल्यांची आहे, असे वाचकाला वाटू शकते. औषधाच्या बाटलीशी ती सगळ्यांची होते.

सीआरडीवर चालणारी औषधे मोजकी आहेत: टायलोसिन आणि त्याच्या घराण्यातली इतर, टायाम्युलिन, डॉक्सिसायक्लिन, एन्रोफ्लॉक्सॅसिन. यांतले कोणतेही जंतू पूर्ण काढून टाकत नाही. लक्षणे दबतात, वजन सावरते, पक्षी बाजारात जातो. पुढच्या बॅचला पुन्हा तेच. पिल्ले येताच पहिल्या आठवड्यात 'प्रतिबंधक' म्हणून एक डोस, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात शिंक ऐकू आली की दुसरा. रोग अंड्यातून येत राहतो, म्हणून औषधही दर बॅचला येत राहते. अनेक देशांत मायकोप्लाझ्माचे या औषधांना दाद न देणारे प्रकार सापडले आहेत. पण मोठी काळजी त्याच्या शेजाऱ्यांची आहे. पाण्यात टाकलेले औषध घशापुरते राहत नाही. ते आतड्यातही जाते, आणि तिथल्या ई. कोलाय, साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर यांना त्या औषधाची सवय होते. हे जंतू खत, सांडपाणी, कापताना हाताला लागलेले रक्त आणि अर्धवट शिजलेले मांस यांतून माणसापर्यंत येतात.

एन्रोफ्लॉक्सॅसिनचे उदाहरण बोलके आहे. कोंबडीच्या शरीरात त्याच्या एका भागाचे सिप्रोफ्लॉक्सॅसिन होते. तेच, जे माणसाला जुलाब, लघवीच्या मार्गाचा संसर्ग अशा दुखण्यांत दिले जाते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सप्टेंबर २००५ मध्ये कोंबड्यांसाठी एन्रोफ्लॉक्सॅसिनची परवानगी काढून घेतली. माणसांत औषधाला न जुमानणाऱ्या कॅम्पिलोबॅक्टरचे प्रमाण वाढले, हे कारण होते, आणि तो निर्णय लागू होईपर्यंत कंपनीशी सुमारे पाच वर्षे वाद चालला. युरोपीय संघाने वाढीसाठी प्रतिजैविके खाद्यात घालणे १ जानेवारी २००६ पासून पूर्ण थांबवले. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने २०१४ मध्ये दिल्ली परिसरातले कोंबडीच्या मांसाचे ७० नमुने तपासले, तर ४० टक्के नमुन्यांत प्रतिजैविकांचे अंश मिळाले. त्यांत एन्रोफ्लॉक्सॅसिन आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिन दोन्ही होते.

भारतात नियम नाहीत असे नाही. कोलिस्टिन हे माणसासाठी शेवटच्या फळीतले औषध. जुलै २०१९ मध्ये केंद्राने अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांत त्याचा वापर बंद केला. अन्नासाठीच्या प्राण्यांच्या औषधावर 'थांबण्याचा काळ' लिहिणे २०१२ पासून बंधनकारक आहे, आणि तो लिहिलेला नसेल तर अंडी-दुधासाठी किमान ७ दिवस आणि मांसासाठी किमान २८ दिवस धरावेत, असा नियम आहे. ब्रॉयलरचे सगळे आयुष्य पाच-सहा आठवड्यांचे. त्यात २८ दिवस थांबायचे, तर औषध कधी द्यायचे? नियमाचा रोख नेमका तोच आहे. पण शेडवर औषध कोणत्या तारखेला संपले आणि गाडी कोणत्या तारखेला भरली, हे ताडून पाहणारे कोणी नसते. चिठ्ठीशिवाय औषध विकू नये, हाही नियमच आहे.

औषधाच्या घाईत एक वेगळा अपघातही होतो. तो इथेच सांगितलेला बरा. हगवणीच्या म्हणजे कॉक्सिडिओसिसच्या प्रतिबंधासाठी बऱ्याच ब्रॉयलर खाद्यात मोनेन्सिन किंवा सॅलिनोमायसिन आधीच घातलेले असते. अशा खाद्यावरच्या पक्ष्यांना पाण्यातून टायाम्युलिन दिले, तर दोन्ही मिळून विषबाधा होते. पक्षी पाय पसरून पडतात, लुळे होतात, मरतात. खाद्याच्या पोत्यावरची चिठ्ठी वाचल्याशिवाय ते औषध देऊ नये. औषध कोणते आणि किती, हे पशुवैद्यकाने ठरवायचे, दुकानदाराने नाही.

खाणाऱ्यांच्या मनातल्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. कोंबडीचा मायकोप्लाझ्मा माणसाला आजारी पाडत नाही. माणसाच्या फुप्फुसांना धरणारा मायकोप्लाझ्मा न्यूमोनिए वेगळा. तो माणसाकडून माणसाकडे जातो, कोंबडीशी त्याचा संबंध नाही. २०२३ च्या अखेरीस चीनमधल्या मुलांच्या आजारपणाच्या बातम्यांत 'मायकोप्लाझ्मा' हा शब्द घरोघरी पोहोचला. नावातल्या सारखेपणावरून कोंबडीवर संशय घेण्याचे कारण नाही. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये करोना चिकनमधून पसरतो या निराधार अफवेने महाराष्ट्रातल्या कोंबडीपालकांचे कंबरडे मोडले होते. भाव इतके कोसळले, की काहींनी पिल्ले जिवंत पुरली. नीट शिजवलेले चिकन आणि उकडलेले अंडे यांना मायकोप्लाझ्माच्या बाबतीत कोणताही धोका नाही. प्रश्न आहे तो ताटात औषधाचे अंश येतात का, आणि उद्या दवाखान्यात तेच औषध चालेल का, हा.

मग मार्ग काय? अंड्यातून येणारा रोग अंड्यापाशीच अडवावा लागतो, आणि हे करून दाखवलेले आहे. अमेरिकेत १९३५ पासून राष्ट्रीय कुक्कुट सुधार योजना चालू आहे. सुरुवात पांढऱ्या हगवणीपासून झाली, पुढे मायकोप्लाझ्मा त्यात आला. पद्धत साधी: ज्या कोंबड्यांची अंडी उबवायला जाणार, त्या पालक कळपांची ठरावीक काळाने रक्ततपासणी. कळप स्वच्छ, तर तसा दर्जा मिळतो आणि पिल्ले त्या दर्जाने विकली जातात. दोषी कळपाची अंडी उबवायची नाहीत. सुरुवातीला स्वच्छ कळपच मिळेनात, तेव्हा कोमट केलेली अंडी थंड टायलोसिनच्या द्रावणात बुडवून औषध कवचाच्या आत शोषून घेणे किंवा अंडी १२ ते १४ तास ४६ अंश सेल्सिअसवर तापवून जंतू मारणे, असे खटाटोप झाले. तापवलेल्या अंड्यांतली काही उबतच नाहीत. पण जी पिल्ले निघाली त्यांतून स्वच्छ वंश उभे राहिले. आज तिथल्या पैदाशीच्या कोंबड्या आणि टर्कींतून गॅलिसेप्टिकम बहुतांशी हद्दपार आहे.

भारतालाही ही विद्या परकी नाही. गुरांच्या फुप्फुसांचा सांसर्गिक रोग हासुद्धा मायकोप्लाझ्माचाच. १८९८ मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये नोकार आणि रू यांनी या घराण्यातला सर्वांत पहिला जंतू शोधला तो याच रोगात. आसामात तो दीर्घकाळ होता. चिकाटीने तपासण्या झाल्या आणि २००७ मध्ये भारताला त्या रोगापासून मुक्त देश अशी आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. कोंबड्यांची संख्या आणि त्यांची उलाढाल गुरांपेक्षा फार निराळी आहे, हे मान्य. २०१९ च्या पशुगणनेत देशात ८५ कोटींहून अधिक कोंबड्या-बदके नोंदली गेली. सगळ्यांची तपासणी कोणी मागतही नाही. तपासायचे आहेत ते फक्त पालक कळप, आणि ते संख्येने त्यांच्या पिल्लांच्या मानाने अगदी थोडे.

मोठ्या प्रजनन कंपन्या आपल्या वरच्या पिढ्यांची तपासणी करतात. त्यात त्यांचेच हित आहे. प्रश्न खालच्या पायरीवर उभा राहतो: लहान हॅचरी, गावोगाव 'गावरान' म्हणून विकली जाणारी संकरित पिल्ले, मोटारसायकलवर जाळीच्या टोपल्या बांधून फिरणारे विक्रेते. राष्ट्रीय पशुधन अभियानात ग्रामीण कुक्कुटपालनाच्या पालक फार्म आणि हॅचरीला ५० टक्के, २५ लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते. योजना चांगली आहे. सरकारी पैशातून उभ्या राहणाऱ्या प्रत्येक पालक फार्मने वर्षातून ठरावीक वेळा मायकोप्लाझ्माची तपासणी करावी आणि निकाल पिल्लाच्या बिलावर छापावा, एवढी एक अट तिला जोडली, तर सुरुवात होईल. त्यासाठी नवा कायदा लागत नाही.

तपासणीचा खर्चही डोळे पांढरे करणारा नाही. प्राथमिक चाचणीत रक्तातल्या पाण्याचा म्हणजे सीरमचा एक थेंब आणि रंगीत अँटिजेनचा एक थेंब पांढऱ्या फरशीवर मिसळतात. दोन मिनिटांत गाठी दिसल्या तर संशय. ही चाचणी कधी उगाच 'हो' म्हणते, म्हणून संशयित नमुने एलायझाने आणि घशाच्या स्वॅबच्या पीसीआरने पक्के करावे लागतात. अकोल्यात नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची पदव्युत्तर संस्था आहे, पुण्यात औंधला पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे. नांदगाव पेठहून अकोला दोन-अडीच तासांवर आहे. नमुना तिथे घेणे, ठरावीक शुल्कात तपासणे आणि निकाल आठवड्याच्या आत शेतकऱ्याच्या मोबाइलवर पाठवणे, अशी नियमित सोय वऱ्हाडाच्या कोंबडीपालकांना मिळायला हवी. आज मोठा शेडमालक खासगी प्रयोगशाळा गाठतो, लहान मालक दुकानदाराच्या अंदाजावर चालतो.

लशीही आहेत. मेलेल्या जंतूंची तेलकट लस आणि जिवंत जंतूंची एफ स्ट्रेन, टीएस-११ अशा नावांची. अंड्यांच्या मोठ्या फार्मवर, जिथे निरनिराळ्या वयाचे कळप शेजारी-शेजारी असतात आणि शेड कधीच पूर्ण रिकामी होत नाही, तिथे त्यांचा उपयोग होतो. पण लस नुकसान कमी करते, जंतू घालवत नाही. आणि एफ स्ट्रेन टर्कीला स्वतःच आजारी पाडू शकते. त्यामुळे ती कुठे वापरायची, हा पुन्हा पशुवैद्यकाचाच निर्णय.

टर्कीचा विषय निघाला आहे, तर थोडे तेही. नाताळच्या सुमारास शहरांतून मागणी असते म्हणून काही शेतकरी दहा-वीस टर्की कोंबड्यांबरोबरच सोडतात. गॅलिसेप्टिकम टर्कीला कोंबडीपेक्षा जास्त छळतो. डोळ्याखालची पोकळी फुगून दोन्ही बाजूंना लिंबाएवढ्या गाठी येतात, डोळे मिटतात, पक्ष्याला दाणा दिसेनासा होतो आणि तो उपाशी मरतो. टर्कीचा स्वतःचा मायकोप्लाझ्मा मेलिॲग्रिडिस कृत्रिम रेतनाच्या वीर्यातूनही पसरतो. वरून धडधाकट दिसणाऱ्या गावरान कोंबड्या या जंतूचे कोठार असू शकतात. म्हणून टर्की वेगळ्या कुंपणात, वेगळ्या भांड्यांसह, आणि रोजचे काम आधी टर्कीकडे, मग कोंबड्यांकडे. रानपाखरांनाही आत येऊ देऊ नये. १९९४ मध्ये अमेरिकेत हाच जंतू हाऊस फिंच या चिमणीएवढ्या पाखरात शिरला आणि डोळे सुजून आंधळी झालेली पाखरे लोकांना अंगणातल्या दाण्याच्या भांड्यांपाशी बसलेली दिसू लागली. काही वर्षांत तो रोग पूर्व किनाऱ्यावरून दूरवर पसरला.

शेडमालकाच्या हातात जे आहे ते त्याने करावेच. एका शेडमध्ये एकाच वयाचे पक्षी, बॅच संपली की दोन-तीन आठवडे शेड रिकामी. श्रावणात मागणी पडते, तेव्हा तसेही बरेचजण थांबतात. मग पोळ्याच्या करीच्या मटण-चिकनसाठी घाई करून जुन्याच गादीवर नवी पिल्ले उतरवू नयेत. पिल्ले घेताना त्यांचे पालक कोणत्या फार्मचे, तिथली शेवटची तपासणी कधीची, हे विचारावे. करारातल्या शेतकऱ्याला हा प्रश्न विचारणे जड जाते. पिल्ले निवडण्याचा अधिकार त्याला नसतो आणि पुढची बॅच मिळेल की नाही याची धास्ती असते. म्हणून तो प्रश्न त्याच्या वतीने पशुसंवर्धन खात्याने विचारायला हवा. पहिल्या आठवड्यातच आजार दिसला, तर त्या वेळच्या रक्ताचा नमुना दोघांच्या सहीने जपून ठेवावा. त्या वयात पिल्लाच्या रक्तात आईकडून आलेली प्रतिद्रव्ये असतात, आणि ती आईच्या कळपाची हकीकत सांगतात.

पिल्लांच्या पुठ्ठ्याच्या पेट्या रात्रीच्या गाडीने महामार्गावर उतरतात. प्रत्येक पेटीवर कंपनीचे नाव असते, जात असते, पिल्लांची संख्या, उबवणीची तारीख, मॅरेक्सची लस टोचल्याचा शिक्का असतो. आईच्या कळपात मायकोप्लाझ्मा होता की नाही, यासाठी त्या पेटीवर दोन इंच जागा सहज निघेल.